वाफ्यापासून नकाशापर्यंत : मृदा-धुपीच्या मापनाचा इतिहास

प्रस्तावना

मृदेची धूप ही बहुधा डोळ्यांना न दिसणारी घटना आहे. एक हेक्टर क्षेत्रावरून एक मिलिमीटर जाडीचा मातीचा थर वाहून गेला, तर त्या मातीचे घनफळ दहा घनमीटर आणि वजन साधारणतः बारा ते चौदा टन भरते. एवढी माती एका पावसाळ्यात गेली तरी शेतकऱ्याला शेतात काही बदल झाल्याचे जाणवत नाही. घळ पडली, बांध फुटला किंवा पिकाची मुळे उघडी पडली, तरच धूप दिसते. त्यामुळे धुपीविषयीचे ज्ञान प्रारंभापासूनच मोजमापावर, अनुमानावर आणि पुढे गणिती प्रतिमानांवर अवलंबून राहिले. आज अध्यापनात आणि नियोजनात धुपीचे रंगीत नकाशे सर्रास वापरले जातात. मात्र त्या नकाशांतील संख्या कोठे जन्मली, कोणत्या प्रयोजनासाठी जन्मली आणि मूळ स्थानापासून किती दूर आली, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. ज्यांनी ही साधने घडविली त्यांनी त्यांच्या मर्यादाही नोंदविल्या होत्या; साधन पुढे गेले आणि मर्यादा मागे राहिल्या, हे या आढाव्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

न दिसणाऱ्या धुपीचा शोध

धुपीचा प्रायोगिक अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत सुरू झाला. म्युनिक येथील एवाल्ट वोल्नी यांनी लहान वाफ्यांवर उतार, वनस्पती-आच्छादन आणि पाऊस यांचा मातीवर होणारा परिणाम अभ्यासला. तथापि धूप हा राष्ट्रीय प्रश्न म्हणून प्रथम मांडला गेला तो अमेरिकेत. ह्यू हॅमंड बेनेट हे १९०३ मध्ये तेथील मृदा सर्वेक्षण विभागात दाखल झाले. १९०५ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील लुइझा परगण्याचे सर्वेक्षण करताना त्यांना शेजारशेजारच्या दोन जमिनींत मोठा फरक आढळला. जंगलाखालील जमीन मऊ आणि भुसभुशीत होती, तर दीर्घकाळ नांगरलेली जमीन कठीण आणि चिकणमातीची होती. दोन्ही जमिनी मुळात एकाच प्रकारच्या होत्या. नांगरलेल्या जमिनीचा वरचा थर पावसागणिक पातळ होत नाहीसा झाला होता. या प्रकाराला पुढे सालकाढी धूप हे नाव मिळाले.

त्या काळातील शासकीय भूमिका मात्र वेगळी होती. मृदा सर्वेक्षण विभागाचे प्रमुख मिल्टन व्हिटनी यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रिकेत मृदा ही कधीही न संपणारी राष्ट्रीय संपत्ती असल्याचे प्रतिपादन केले होते. हे मत खोडून काढण्यासाठी केवळ निरीक्षण पुरेसे नव्हते. आकड्यांची आवश्यकता होती. मिसुरी विद्यापीठात एम. एफ. मिलर आणि एफ. एल. डुली यांनी १९१७ मध्ये अपधाव आणि माती मोजण्याचे वाफे उभारले. १९२८ मध्ये बेनेट आणि डब्ल्यू. आर. चॅपलिन यांनी धूप हे राष्ट्रीय संकट असल्याचे सांगणारी पत्रिका प्रसिद्ध केली. त्यानंतर १९२९ मध्ये मंजूर झालेल्या निधीतून गथ्री, बेथनी, ला क्रॉस आदी दहा ठिकाणी धूप-संशोधन केंद्रे स्थापन झाली. १९३३ मध्ये मृदा धूप सेवा अस्तित्वात आली. पुढे धुळीच्या वादळांच्या पार्श्वभूमीवर, एप्रिल १९३५ मध्ये मृदा संधारण सेवेची कायद्याने स्थापना झाली आणि बेनेट तिचे पहिले प्रमुख झाले.

एकराचा शंभरावा भाग

या केंद्रांवरील वाफ्यांचे स्वरूप पाहणे उद्बोधक आहे. प्रचलित वाफा ७२.६ फूट लांब आणि ६ फूट रुंद असे. ही मापे प्रथमदर्शनी विचित्र वाटतात. परंतु त्यांचा गुणाकार ४३५.६ चौरस फूट येतो आणि तो एका एकराचा बरोबर शंभरावा भाग होय. वाफ्याच्या तळाशी असलेल्या टाकीत जमलेल्या मातीचे वजन शंभराने गुणले की एकरी मृदाहानी मिळत असे. म्हणजेच ही लांबी निसर्गातील एखाद्या उताराची लांबी नव्हती, तर हिशेबाच्या सोयीची लांबी होती. हीच लांबी, म्हणजे २२.१३ मीटर, आजही जगभरातील गणनांमध्ये प्रमाण लांबी म्हणून वापरली जाते.

वाफ्यांवरील निरीक्षणांतून सूत्रे बनविण्याचा प्रयत्न लवकरच सुरू झाला. ऑस्टिन झिंग यांनी १९४० मध्ये उताराची लांबी आणि तीव्रता यांचा मृदाहानीशी असलेला संबंध मांडला. १९४१ मध्ये ड्वाइट स्मिथ यांनी त्यात पीक आणि संधारण-उपाय यांची भर घातली. १९५४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात अपधाव आणि मृदाहानी यांचे राष्ट्रीय माहिती केंद्र स्थापन झाले. वॉल्टर विशमायर यांच्या नेतृत्वाखाली तेथे विविध केंद्रांची माहिती एकत्र करण्यात आली. कालांतराने ४९ ठिकाणांहून दहा हजारांपेक्षा अधिक वाफा-वर्षांची निरीक्षणे जमा झाली.

या सामग्रीतून सहा घटकांच्या गुणाकाराचे समीकरण सिद्ध झाले. पावसाची धूपकारकता, मृदेची धूपप्रवणता, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पीक-आच्छादन व मशागत आणि संधारण-उपाय हे ते सहा घटक होत. त्यांच्या गुणाकारातून वर्षाला प्रति एकर किती टन माती सुटते, याची दीर्घकालीन सरासरी मिळते. समीकरणाचे प्रयोजनही मर्यादित आणि स्पष्ट होते. एखाद्या शेतावर कोणती फेरपालट आणि कोणते संधारण-उपाय योजले असता धूप सहन करण्याजोगी राहील, हे क्षेत्रीय अधिकाऱ्याला शेतकऱ्यासमवेत बसून ठरविता यावे, यासाठी ते साधन होते.

'सार्वत्रिक' या शब्दाचा अर्थ

हे समीकरण 'सार्वत्रिक मृदाहानी समीकरण' या नावाने प्रसिद्ध झाले. विशमायर आणि स्मिथ यांची मार्गदर्शक पुस्तिका १९६५ मध्ये निघाली. तिच्या शीर्षकातच ती रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील पिकांखालील जमिनींसाठी असल्याचे नमूद होते. १९७८ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा शीर्षकातील हा भौगोलिक उल्लेख राहिला नाही. दोन शीर्षकांतील या फरकातूनच साधनाचा विस्तार कोणत्या दिशेने होत होता, हे ध्यानात येते.

'सार्वत्रिक' या विशेषणाचा खुलासा विशमायर यांनी १९७६ मध्ये समीकरणाच्या उपयोग-दुरुपयोगावर लिहिलेल्या लेखात केला आहे. पूर्वीची सूत्रे विशिष्ट प्रदेशांना बांधलेली होती. त्यांच्याहून वेगळेपण दाखविण्यासाठी हे नाव वापरले गेले. स्थानिक माहितीवरून सहाही घटकांची मूल्ये ठरविल्यास समीकरण अन्यत्र वापरता येते, एवढाच त्याचा आशय होता. अमेरिकेतील मूल्ये जगात कोठेही लागू पडतात, असा तो दावा नव्हता. शिवाय, मूळ निरीक्षणे प्रामुख्याने ३ ते १८ टक्के उताराच्या जमिनींवरील होती. घळींतील धूप आणि उताराच्या पायथ्याशी होणारे गाळाचे निक्षेपण या दोन्ही गोष्टी समीकरणाच्या कक्षेबाहेर होत्या. एका वर्षाची किंवा एका वादळी पावसाची धूप वर्तविण्यासाठीही ते रचलेले नव्हते.

दख्खनमधील वाफे

महाराष्ट्रात धुपीच्या मापनाची परंपरा या समीकरणापेक्षा जुनी आहे. तत्कालीन मुंबई इलाख्यात पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ मध्ये कोरडवाहू शेतीवरील संशोधन सुरू झाले. १९३३ मध्ये केंद्रीय कृषी संशोधन परिषदेच्या साहाय्याने सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू संशोधन केंद्रे कार्यरत झाली. सोलापूर येथे सौम्य उताराच्या काळ्या जमिनीवर वाफे आखून अपधाव आणि वाहून जाणारी माती मोजण्यात आली. एन. व्ही. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यामागे या संशोधनाचा आधार होता.

दख्खनमधील संशोधनाचा प्रश्न अमेरिकेतील प्रश्नाहून काहीसा भिन्न होता. येथे माती आणि पाणी यांचा विचार एकत्रच करावा लागे, कारण अवर्षणप्रवण भागात वाहून गेलेले पाणी म्हणजेच हातचे गेलेले रब्बीचे पीक होय. त्यातून बांधबंदिस्तीला चालना मिळाली. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, १९४२ मुळे एकेकट्या शेताऐवजी संपूर्ण क्षेत्रासाठी बांधबंदिस्तीच्या योजना आखण्याचा कायदेशीर मार्ग खुला झाला.

या अनुभवातून एक महत्त्वाचा धडा मिळाला. समपातळी बांध हलक्या आणि मध्यम जमिनींत उपयुक्त ठरले. परंतु खोल काळ्या जमिनींत त्यांच्यामागे पाणी साचे, पीक पिवळे पडे आणि जमीन भेगाळल्यावर बांध कमकुवत होऊन फुटत. अशा जमिनींसाठी जादा पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांध सुचविण्यात आले. एकाच पावसाच्या आणि एकाच उताराच्या दोन शेतांना केवळ मातीच्या खोलीमुळे वेगळा उपाय लागतो, हे ज्ञान स्थानिक निरीक्षणातून आले. ते कोणत्याही सार्वत्रिक सूत्रातून मिळण्यासारखे नव्हते.

राष्ट्रीय आकडा आणि त्याचे तीन भाग

स्वातंत्र्योत्तर काळात १९५३ मध्ये केंद्रीय मृदा संधारण मंडळ स्थापन झाले. त्यानंतर डेहराडून, कोटा, बेळ्ळारी, उदकमंडलम, वासद आदी ठिकाणी संशोधन केंद्रे उभी राहिली. १९७४ मध्ये डेहराडून येथे केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन व प्रशिक्षण संस्था आकाराला आली. याच परंपरेत ध्रुवनारायण आणि राम बाबू यांचा भारतातील धुपीच्या अंदाजाविषयीचा शोधनिबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात दरवर्षी सुमारे ५,३३४ दशलक्ष टन, म्हणजे हेक्टरी १६.३५ टन मातीची धूप होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील काळात पाठ्यपुस्तके, शासकीय अहवाल आणि भाषणे यांतून हा आकडा असंख्य वेळा उद्धृत झाला.

तथापि त्याच शोधनिबंधात या मातीचे काय होते, याचाही हिशेब दिला होता. सुमारे २९ टक्के माती कायमची समुद्रात जाते, सुमारे १० टक्के जलाशयांत साचते आणि उरलेली ६१ टक्के माती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी स्थलांतरित होते, असे लेखकद्वयाने नमूद केले होते. एकूण आकडा लोकांच्या लक्षात राहिला. ही विभागणी मात्र बहुतेकदा गळून गेली. परिणामी 'सुटलेली माती' आणि 'देशाने गमावलेली माती' या दोन भिन्न संकल्पना एकच मानल्या जाऊ लागल्या.

या आकड्याची तुलना ज्या मर्यादेशी केली गेली, तिचा इतिहासही लक्षणीय आहे. सहन करण्याजोगी धूप हेक्टरी ४.५ ते ११.२ टन मानण्यात आली. अमेरिकेतील पुस्तिकांत ही मर्यादा एकरी २ ते ५ टन अशी होती. तिचे मेट्रिक रूपांतर केले असता नेमके हेच आकडे मिळतात. मूळ मर्यादा तेथील तज्ज्ञांच्या विचारविनिमयातून ठरली होती. तिच्यामागे तेथील खोल मृदांचा आणि तेथील शेतीच्या अर्थकारणाचा अनुभव होता. मुरमावर वीतभर माती असलेल्या दख्खनच्या माळाला आणि नदीकाठच्या खोल काळ्या जमिनीला एकच मर्यादा लावणे योग्य ठरत नाही. या उणिवेची दखल घेऊन मंडल आणि शारदा यांनी २०११ मध्ये भारतीय मृदांच्या गुणधर्मांवर आधारित २.५ ते १२.५ टन अशी मर्यादा मांडली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

कून क्रीकचा ताळेबंद

सुटलेली माती कोठे जाते, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील कून क्रीक या सुमारे ३६० चौरस किलोमीटरच्या खोऱ्याने दिले. हे खोरे वर उल्लेखिलेल्या ला क्रॉस केंद्राच्या परिसरातील असून मृदा धूप सेवेचा पहिला पाणलोट प्रात्यक्षिक प्रकल्प १९३३ मध्ये तेथेच सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झालेल्या वसाहतीमुळे तेथील उतार नांगरले गेले होते आणि दरीतील कुरणे गाळाखाली गाडली जात होती. १९३० च्या दशकात तेथील दरीचे आडवे छेद मोजून ठेवण्यात आले होते. भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांनी अनेक दशकांनंतर तेच छेद पुन्हा मोजले आणि १८५३ पासूनचा गाळाचा ताळेबंद तयार केला.

त्यांचे निष्कर्ष अनपेक्षित होते. उतारांवरील धूप प्रचंड वाढली तेव्हा आणि संधारणामुळे ती घटली तेव्हाही खोऱ्याच्या मुखातून मिसिसिपी नदीत जाणारा गाळ जवळजवळ स्थिर राहिला होता. मोठा बदल झाला होता तो दरीतील साठ्यात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मांडणीनुसार १९७५ ते १९९३ या काळात दरीत गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातील वेगाच्या सुमारे ६ टक्के एवढाच उरला होता. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. नदीच्या मुखाशी मोजलेल्या गाळावरून उतारावरील धूप समजत नाही; तसेच वाफ्यावर मोजलेल्या धुपीवरून खोऱ्याची हानीही समजत नाही. २००० मध्ये ट्रिंबल आणि पिएर क्रॉसन यांनी प्रतिमानांतून येणाऱ्या राष्ट्रीय आकड्यांना प्रत्यक्ष क्षेत्रीय मोजणीचा पुरेसा आधार नाही, असा आक्षेप घेतला. या आक्षेपावर मोठा वाद झाला.

या वादातून धूप निरुपद्रवी आहे असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. स्थलांतरित झालेली ६१ टक्के माती राष्ट्राच्या हिशेबात शिल्लक असते, पण शेतकऱ्याच्या हिशेबात नसते. माळावरील हलक्या जमिनीतून सुटलेली माती ओढ्याकाठच्या शेतात येऊन बसली, तर एकाची हानी ही दुसऱ्याची भर ठरते. पियर्स ब्लेकी यांनी १९८५ मध्ये विकसनशील देशांतील धुपीच्या राजकीय अर्थशास्त्राची मांडणी करताना धूप ही सामाजिक विषमतेचे फल आणि कारण दोन्ही असू शकते, याकडे लक्ष वेधले होते. सरासरी काढणारे समीकरण हा फरक दाखवू शकत नाही.

संगणकीय नकाशाचे युग

१९९१ च्या सुमारास वाखेनिंगेन येथील आंतरराष्ट्रीय मृदा संस्थेने मृदा-अवनतीचा जागतिक नकाशा सिद्ध केला. तो मुख्यतः तज्ज्ञांच्या मतांवर आधारित होता. त्यानंतर भौगोलिक माहिती प्रणाली, उपग्रह प्रतिमा आणि अंकीय उंची प्रतिमान यांमुळे समीकरणातील प्रत्येक घटकाचा स्वतंत्र थर बनवून त्यांचा गुणाकार करणे सोपे झाले. १९९७ मध्ये समीकरणाची सुधारित आवृत्ती पुस्तिकारूपाने आली आणि तिचा वापर जगभर झाला. भारतात नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि डेहराडूनची संस्था यांनी दहा किलोमीटरच्या जाळीवर आधारित राज्यनिहाय धूप-नकाशे तयार केले. २०१७ मध्ये पास्क्वाले बोरेल्ली आणि सहकाऱ्यांनी २०१२ या वर्षासाठी जगातील धूप ३५.९ अब्ज टन असल्याचा अंदाज दिला. १९९५ मध्ये डेव्हिड पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी दिलेला आकडा ७५ अब्ज टन होता. दोन अंदाजांतील ही तफावत जमिनीतील बदलापेक्षा पद्धतीतील बदलाची निदर्शक आहे.

भारतातील अवनत जमिनीच्या क्षेत्राबाबतही असेच घडले. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये १४८ दशलक्ष हेक्टर, नागपूरच्या ब्यूरोने १९९४ मध्ये सुमारे १८८ दशलक्ष हेक्टर, तर दूरसंवेदनावर आधारित पडीक जमिनीच्या २००० मधील गणनेने सुमारे ६४ दशलक्ष हेक्टर क्षेत्र दाखविले. प्रत्येक संस्थेची व्याख्या आणि पद्धत वेगळी होती. अखेर २०१० मध्ये विविध माहितीसंचांचा मेळ घालून सुमारे १२० दशलक्ष हेक्टर हा आकडा निश्चित करण्यात आला.

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक अडचण आहे. मूळ समीकरणाची निरीक्षणे ३ ते १८ टक्के उतारावरील होती. पठारावरील बरीचशी काळी शेतजमीन ३ टक्क्यांहून कमी उताराची आहे, तर सह्याद्रीचे कडे आणि घाटउतार १८ टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातात. म्हणजे राज्याच्या भूरूपाची दोन्ही टोके मूळ निरीक्षणांच्या बाहेर पडतात. शिवाय पावसाची धूपकारकता अनेकदा केवळ वार्षिक पर्जन्यमानावरून काढली जाते. मूळ पद्धतीत मात्र पावसाची ऊर्जा आणि तीस मिनिटांतील कमाल तीव्रता विचारात घेतली जाते. वर्षभर रिमझिम पडलेला आणि चार सरींत कोसळलेला सारखाच पाऊस अशा नकाशावर समान ठरतो. तीस मीटरच्या चौकटीत हातभर उंचीचा बांधही दिसत नाही. ज्या बांधासाठी शेतकऱ्याने आणि शासनाने खर्च केला, तो नकाशाच्या लेखी बहुधा अस्तित्वातच नसतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब म्हणजे, धुपीचे प्रतिमान हे अपरिहार्य साधन आहे. एक मिलिमीटर जाडीची हानी डोळ्यांनी मोजता येत नाही आणि प्रत्येक शेतात वाफा उभारणेही शक्य नाही. कोणत्या दोन पर्यायांपैकी कोणता बरा, याचे उत्तर समीकरण चांगले देते. मुळात ते त्यासाठीच घडविले गेले होते. दुसरी बाब म्हणजे, या साधनाच्या मर्यादा टीकाकारांनी नंतर शोधून काढलेल्या नाहीत. विशमायर यांनी १९७६ मध्ये, तर ध्रुवनारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये त्या स्वतःच नोंदविल्या होत्या. उद्धृत करताना संख्या घ्यायची आणि तिची अट सोडायची, ही पुढील काळातील सवय आहे. तिसरी बाब म्हणजे, धूप, स्थलांतर आणि हानी या तीन संज्ञा वेगळ्या ठेवल्याशिवाय धुपीचा भार कोणावर पडतो, हे कळणार नाही.

महाविद्यालयीन स्तरावर धुपीचे नकाशे बनविणारे प्रकल्प आज मोठ्या प्रमाणावर होत आहेत. संगणकावर असा नकाशा अल्पावधीत तयार होतो. त्या नकाशातील एखाद्या लाल चौकटीपर्यंत चालत जाऊन तेथील मातीची खोली, बांधाची स्थिती आणि ओढ्यातील गाळ पाहण्यास मात्र एक पावसाळा द्यावा लागतो. सोलापूरच्या केंद्रावर असे अनेक पावसाळे दिले गेले, म्हणूनच खोल काळ्या जमिनीला वेगळा बांध हवा हे ज्ञान हाती आले. नकाशाला वाफ्याची आणि वाफ्याला शिवाराची जोड पुन्हा मिळाली, तरच त्यातील संख्येला अर्थ प्राप्त होईल.